चौदावी चिंधी

कवठे महांकाळ
९ जानेवारी २०२५

चि. विश्वजित,

फोनवर तू "हं" म्हणतोस, मग "ठेवतो" म्हणतोस. त्या दोन शब्दांच्या मध्ये मला जे बोलायचं असतं ते मावत नाही. म्हणून पत्र. शाळेच्या बसच्या दोन्ही फेऱ्या झाल्या की सावकाश वाच. तू नाही वाचलंस तर अंकिता वाचेल, आणि प्रांजल कागद फाडेल. तेही चालेल. तिच्या हाताला माझा कागद लागला एवढं तरी होईल.

परवा सांगलीहून इंजिन आलं. आपल्याच ट्रकच्या मॉडेलचं आहे, पण जुनं, कुणाच्या तरी उलटलेल्या गाडीतून काढलेलं. टेम्पोतून उतरवायला पाच माणसं लागली. तुझ्या अण्णांनी लिंबाखाली तीन लोखंडी पाइपांचा तिकाटा उभा केला आहे, त्याला चेनपुली अडकवली आहे, आणि इंजिन अंगणात अधांतरी लोंबतं आहे. शेजारची रंगूबाई कुंपणावरून डोकावून म्हणाली, "आवं बाई, मला वाटलं बोकड टांगलंय. वाटा मागाय भांडं घिऊन आले, तर ह्ये लोखंड!"

अण्णा गॅरेजला द्यायला तयार नाहीत. सगळं घरी खोलायचं, धुवायचं, झिजलेलं बदलायचं, जमिनीवर चालवून बघायचं, आणि मगच गाडीत चढवायचं. पलटणीत असंच करत होते म्हणे. "गाडीत बसवल्यावर खोट कळली तर काय उपेग?" असं म्हणतात. अडुसष्टावं लागलं आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजवा अजून धूसर आहे. मी विचारलं, चार वर्षं ट्रक शेडमागे उभा आहे, आत्ताच हे का? तर म्हणाले, "हात चालत्यात तवर."

मला खरं सांगू, अंगणात डिझेलचा वास आला आणि मी क्षणभर पाचगणीत जाऊन पोचले. तुझे आजोबा आमच्या कॉन्व्हेंटचा ट्रक चालवायचे, वाईहून भाजी आणि सरपण आणायचे. त्यामुळेच तर मेढ्याच्या एका ड्रायव्हरच्या मुलीला तिथे शिकायला मिळालं. पसरणीच्या घाटात त्यांनी गिअर बदलला की वसतिगृहाच्या खिडकीत मला कळायचं. दुसऱ्या मुलींना आईचा आवाज ओळखू यायचा, मला बाबांच्या इंजिनाचा.

त्या मार्चमधल्या दिवसाबद्दल मी काही लिहिणार नव्हते. पण इंजिन समोर लोंबतं आहे आणि दुसरं काही सुचत नाही. उंब्रजच्या पुढे चढावर आपल्या गाडीचं इंजिन जाम झालं, गाडी दुसऱ्या ट्रकनं ओढून आणावी लागली, आणि नेमकी त्याच संध्याकाळी अंकिताच्या घरची माणसं लग्नाची बोलणी करायला ओसरीवर बसलेली. त्यांच्यासमोर अण्णा म्हणाले, "होणाऱ्या बायकोसंगं फोनवर बोलत बसलाय, काटा कोण बघणार?" तू एवढंच म्हणालास की तेलाच्या दाबाचा काटा पडला तसं मी इंजिन बंद केलं. आणि मग, "माझं खरं मानाल तेव्हाच या घरात पाऊल टाकीन."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. काही बोलले नाही. तुझ्या लग्नाला एकटी आले, मागच्या ओळीत बसले, आणि तेव्हाही बोलले नाही.

थंडी आहे. बसमध्ये काच लावून बस.

तुझी,
आई


१९ जानेवारी

चि. विश्वजित,

अंकितानं प्रांजलचा तिळाच्या हलव्याचे दागिने घातलेला फोटो पाठवला. नाक तुझं आहे. कपाळ अण्णांचं आहे, हे मी त्यांना दाखवून म्हटलं तर ते फोटो हातभर लांब धरून बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "दिसंना नीट." डोळ्यांना दिसत नव्हतं की आणखी काही, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

इंजिन पूर्ण खोललं. तुला हे शिकवायला नको, पण माझं शिक्षण आत्ता कुठे सुरू झालं आहे, म्हणून कौतुकानं लिहिते. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं धड, कुपवाडला जोतीरामच्या वर्कशॉपमध्ये गेला आहे. बाकीचं सगळं आपल्या अंगणात, जुन्या परातींमध्ये, डिझेलमध्ये भिजत पडलं आहे. मला दोन कामं दिली आहेत. एक, पुस्तक वाचायचं. कंपनीचं इंग्रजी पुस्तक आहे, कुठला बोल्ट कितव्या नंबरला आणि किती जोर लावून आवळायचा ते मी मोठ्यानं वाचून मराठीत सांगते. काल अण्णा जोतीरामला म्हणाले, "आमच्या घरात कंपनीचा इंजिनेर हाय, साडी नेसून."

दुसरं काम व्हॉल्वचं. पेस्ट लावायची, काठी तळहातांत धरायची, आणि ताक घुसळताना रवी फिरवतो तशी फिरवायची, म्हणजे व्हॉल्व आपल्या जागेवर घासून नेमका बसतो. बारा व्हॉल्व आहेत. मग वरून रॉकेल ओतायचं आणि वाट बघायची. खाली एक थेंब उतरला तर पुन्हा घुसळ. अकरावा व्हॉल्व चार वेळा गळला. रंगूबाई म्हणाली, "लोणी कवा निघायचं?"

एका गोष्टीचं मात्र मला लागलं, ते लिहिते. इंजिन उघडं असताना त्याच्या सुट्या भागांच्या भोकांमध्ये धूळ आणि बारीकसारीक काही पडू नये म्हणून चिंध्या कोंबतात. मागच्या खेपेला, जुनं इंजिन घरी खोललं होतं तेव्हा, ते काम माझं होतं. माझ्या जुन्या साडीच्या चिंध्या केल्या होत्या, सगळ्यांच्या कडा दुमडून शिवून दिल्या होत्या, म्हणजे दोरे सुटणार नाहीत. या वेळी चिंध्या घेऊन गेले तर म्हणाले, "र्‍हाऊ दे. म्या भरतो. तू पुस्तक वाच."

आणि प्रत्येक चिंधीच्या टोकाला त्यांनी लाल दोरा बांधला आहे, वीतभर लांब. तो बाहेर लोंबत राहिला पाहिजे. शेडच्या दारावर खडूनं चौदा रेघा ओढल्या आहेत. चौदा आत गेल्या, चौदा बाहेर आल्या पाहिजेत. रोज सकाळी मोजतात. मागच्या वेळी असं काही नव्हतं. वय झालं की माणूस भित्रा होतो का रे?

तुझी,
आई


२८ जानेवारी

विश्वजित,

आज थोडंच लिहिते.

मला एक सांग. त्या दिवशी उंब्रजच्या चढावर तेलाचा काटा पडला, तो हळूहळू उतरत गेला की एकदम पडला? आणि तो पडल्यापासून तू चावी बंद करेपर्यंत किती वेळ गेला? मला बरोबर आकडा हवा. माझ्याशी बोलू नकोस, अंकिताला सांग. ती मला मेसेज करेल.

का विचारते ते विचारू नकोस. अण्णा बरे आहेत. ब्लॉक कुपवाडहून परत आला. बाकी सर्व ठीक.

आई


२ फेब्रुवारी

विश्वजित,

हे पत्र पोस्टात टाकीन की नाही ते मला ठाऊक नाही. तरी लिहिते.

शाळेत दर रविवारी घरी पत्र लिहायला लागायचं. पाकीट बंद करण्याआधी सिस्टर ॲग्नेस ते वाचायच्या. त्यामुळे सगळ्या मुलींच्या पत्रांत एकच वाक्य असायचं, मी इथे आनंदात आहे. मला ताप आला होता तेव्हाही मी तेच लिहिलं. ती सवय इतकी मुरली की पाच दिवसांपूर्वीही मी तुला "बाकी सर्व ठीक" असं लिहून मोकळी झाले.

सर्व ठीक नाही.

अंकिताचा मेसेज आला. जसाच्या तसा लिहिते. "आई, ते म्हणतात काटा एकदम पडला, आणि तीन म्हणायच्या आत त्यांनी चावी फिरवली. आणि फोन माझा नव्हताच. त्या वेळी मी दवाखान्यात ड्यूटीवर होते, आमचे फोन कपाटात असतात. मला तेव्हा कुणी विचारलंच नाही."

कुणी विचारलंच नाही. मी तरी कुठे विचारलं?

आता ऐक. सांगलीहून आणलेल्या इंजिनाच्या पोटात तेल ओढणारी जी जाळी असते, तिचा दांडा चिरलेला निघाला. मी म्हटलं, आपल्या जुन्या इंजिनाची जाळी आहे ना? अण्णा तुटकपणे म्हणाले, "ती नको. नवी आणतो." त्यांच्या काळ्या ट्रंकेला हात लावायचा नाही, असंही म्हणाले. मला वाटलं, उगाच हट्ट. अठ्ठावीस तारखेला ते ब्लॉक आणायला कुपवाडला गेले, आणि मी ट्रंक उघडली. जुन्या स्वेटरच्या खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली जाळी होती. म्हटलं, धुऊन, चमकवून ठेवावी, आले की खूश होतील.

ब्रश फिरवताना जाळीच्या दुमडलेल्या कडेखाली काहीतरी अडकलेलं दिसलं. चिमट्यानं ओढलं. बोटाएवढी कापडाची पट्टी. तेलानं काळी झालेली. रॉकेलमध्ये धुतली तसा डाळिंबी रंग वर आला, आणि काठावर गोमीची नक्षी.

तुझ्या बारशाला नेसलेली इरकल. वीस-बावीस वर्षं नेसून विरली, तेव्हा तिच्या मीच चिंध्या केल्या. जुन्या इंजिनासाठी.

सिस्टर आम्हाला शिवण शिकवायच्या. उलटी बाजूही सुलट बाजूसारखी दिसली पाहिजे, टोक कुठे लोंबता कामा नये, असा त्यांचा नियम होता. लोंबतं टोक दिसलं की पट्टी बसायची हातावर. अण्णांनी त्या वेळी मला सांगितलं होतं, मला आज त्यांचा आवाज ऐकू येतो, "राजे, शेपूट भाईर र्‍हाऊ दे." मी हो म्हटलं. आणि ते पाणी प्यायला गेले तेवढ्यात मी सगळी टोकं आत खोचून टाकली. भोकं कशी छान झाकलेली दिसत होती. एखाद्या गादीला टाके घालावेत तशी.

त्यातली एक आतच राहिली. टोक बाहेर असतं तर दिसली असती. आठ-दहा महिने ती आतल्या आत खाली सरकत गेली असेल, आणि उंब्रजच्या चढावर जाळीच्या तोंडावर बसली असेल. तेल बंद. काटा एकदम पडला. तू तीन म्हणायच्या आत बंद केलंस, तरी उशीरच झाला होता, कारण चूक तुझ्या हातात नव्हतीच. माझ्या हातात होती.

चार वर्षं तू घराबाहेर आहेस. प्रांजल अडीच वर्षांची झाली. मी तिला अजून मांडीवर घेतलेलं नाही. हे सगळं मी खोचलेल्या एका टोकामुळे.

अण्णांना सांगितलेलं नाही. जाळी होती तशी कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. पट्टी माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. ते नवी जाळी घेऊन आले, तीही मी धुऊन दिली. आपण निर्दोष मुलाला चार माणसांत बोललो, हे कळलं तर या माणसाचं काय होईल, याची मला भीती वाटते. असं मी स्वतःला सांगते. पण रविवारच्या पत्रातलं वाक्य नको असेल तर खरं हे आहे की मला माझीच भीती वाटते. तुम्ही दोघं माझ्याकडे कसे बघाल, त्याची.

जाळी कागदात इतकी नीट कुणी गुंडाळून ठेवली, हाही विचार मनात येतो. तो मी पुढे जाऊ देत नाही.

रोज त्यांना पुस्तक वाचून दाखवते. पहिला बोल्ट, दुसरा बोल्ट. आवाज सरळ ठेवते.

आई


१६ फेब्रुवारी

विश्वजित,

दोन तारखेचं पत्र मी टाकलं नव्हतं. ते याच पाकिटात आहे. आधी ते वाच, मग हे.

बुधवारी सकाळी इंजिन सुरू करायचं ठरलं होतं. अँगलच्या घोड्यावर पक्कं बसवलेलं, शेजारी पाण्याचं पिंप, बॅटरी, आणि एका फळीवर तेलाच्या दाबाचा काटा लावलेला. कुपवाडहून जोतीराम मोटरसायकलवरून आला होता. रंगूबाई हळदीकुंकू आणि नारळ घेऊन आली. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. इंजिनाला इस्त्रीचा शर्ट! तू असतास तर हसला असतास.

एकेक भाग जोडताना निघालेल्या चिंध्या मी धुऊन कपड्यांच्या दोरीवर चिमट्यानं लावत गेले होते. अण्णांनी बॅटरीच्या तारेला हात घातला आणि नेहमीसारखं विचारलं, "राजे, किती?"

मी मोजल्या. "तेरा."

"पुन्यांदा मोज."

"तेराच आहेत."

त्यांनी स्वतः जाऊन एकेका चिंधीला बोट लावून मोजलं. मग दारावरच्या रेघा मोजल्या. परत चिंध्या मोजल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं, पुन्हा. पुन्हा तेच. या वेळी मी हातही लावला नव्हता, तरी मला वाटलं की मीच केलं.

जोतीराम म्हणाला, "काका, वाऱ्यानं उडाली असंल. न्हाईतर शेळीनं खाल्ली."

"माझी शेळी चिंध्या खात न्हाई," रंगूबाई म्हणाली. "तुझ्या घरी खाऊन आल्ती व्हय रं?"

"आवं, पर एका चिंधीपायी कुनी बांधलेलं इंजिन खोलतं व्हय? माझ्या उभ्या जन्मात न्हाई बघितलं."

अण्णा म्हणाले, "म्या बघितलंय."

एवढंच. आणि पाना घेऊन खाली बसले.

ओतलेलं सगळं तेल काढलं. खालचं चेंबर, म्हणजे ते तेलाचं भांडं, त्याचे सगळे बोल्ट एकेक करून काढले. जोतीराम मदतीला वाकला तर त्याचा हात बाजूला केला. दीड तास. चहा नको, पाणी नको. नारळ बिचारा पाटावर तसाच. चेंबर खाली आलं, आणि त्यांनी टॉर्च घेतली नाही, इकडेतिकडे बघितलं नाही. उताणे पडून हात सरळ आत घातला, आणि जाळीच्या तोंडावर बोटं फिरवत राहिले. कडेनं, पुन्हा कडेनं.

विश्वजित, चौदा भोकं होती. चिंधी कुठेही असू शकली असती. ते आधी जाळीकडे गेले.

मी घरात गेले. शिवणाच्या डब्यातून पट्टी काढली. बाहेर आले आणि त्यांच्या तेलकट तळहातावर ठेवली.

त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली. मग लांब धरली. रंगूबाईनं आमच्या दोघांकडे बघितलं आणि जोतीरामला म्हणाली, "चल रं गड्या, माझ्याकडं च्या घे. हितं काय आज चालू हुत न्हाई." त्याला घेऊनच गेली. बोलायला तिखट आहे, पण तिला कळतं.

"कुठं घावली?" अण्णांनी विचारलं.

"तुमच्या ट्रंकेत. जाळीच्या कडेखाली."

"उरली व्हती व्हय." असं जमिनीकडे बघत म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं."

"व्हय."

"कधीपासून?"

"दुसऱ्याच दिशी. आदल्या सांजंला पावन्यांम्होरं पोराला बोलून बसलो. रातभर झोप न्हाई. सकाळी चेंबर खोललं, तर जाळीवर तुझी इरकल."

मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात मी या माणसावर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी लिंबावरचे कावळे उडाले. मी म्हटलं, "माझं नाव का घेतलं नाहीत? मी चार बोलणी खाल्ली असती. मला वाचवायला तुम्ही माझाच मुलगा घालवलात, आणि मला विचारलंही नाहीत!"

ते बसूनच होते. म्हणाले, "तू त्या चिंध्यांस्नी बी शिवून दिल्या व्हत्या. टीप न् टीप. माझ्या तोंडातनं निघंना." पुढे म्हणाले, "आन् माझी बी लाज व्हतीच की. इंजिन म्या बांधलं. मोजायचं काम माझं. एकवीस वर्षं पलटणीत दुसऱ्याला शिकवलं, आन् घरात मोजलं न्हाई." मग म्हणाले, "वाटलं, पोरगं आठ दिसांत येतंय. आलं की मिटतंय समदं. त्ये आलंच न्हाई. मग जितकं दिस गेलं तितकं बोलणं जड हुत गेलं."

मी त्यांना माफ केलं आहे असं लिहिलं तर ते रविवारचं वाक्य होईल. अजून नाही केलं. पण मला हेही दिसतं की एकाच घरात, एकाच चुलीवरचा चहा पीत, आम्ही दोघं एकमेकांपासून तीच एक चिंधी लपवत होतो. मी दोन आठवडे, ते चार वर्षं. माझ्या दोन आठवड्यांत माझी झोप उडाली. त्यांची चार वर्षं कशी गेली असतील, याचा हिशोब मला करवत नाही.

डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला. खिशातून चष्म्याचं घर काढून उघडलं, आणि आत हात घालून थांबले. मग हळूच बाहेर काढली. लाल दोरा बांधलेली. आदल्या दिवशी काचा पुसून सवयीनं आत ठेवून दिली होती.

आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो. मी म्हटलं, "चौदा." ते म्हणाले, "चौदा." आणि मग काय झालं कुणास ठाऊक, मला हसू फुटलं, रडू पण तेच होतं. पलीकडून रंगूबाईनं हाक मारली, "घावली व्हय? का दुसरं कायतरी खोलताय?"

नवं गॅस्केट आणून चेंबर पुन्हा बसवलं. गुरुवार, शुक्रवार त्यात गेले. या वेळी मी बोल्टचे नंबर वाचले आणि त्यांनी आवळले, नेहमीसारखं, पण मध्ये मध्ये आम्ही बोलत होतो. तुझ्याबद्दल. चार वर्षांत प्रथमच तुझं नाव या अंगणात मोठ्यानं घेतलं गेलं.

कालपासून इंजिन तयार आहे. तेल भरलेलं, पाणी भरलेलं, बॅटरी जोडलेली. चौदाच्या चौदा चिंध्या दोरीवर आहेत. जोतीराम येऊन म्हणाला, "काका, आता तरी चालू करा." अण्णा म्हणाले, "न्हाई. काटा बघणारा यायचाय." मी म्हटलं, काटा मी बघेन, माझे डोळे चांगले आहेत. तर म्हणाले, "तू पुस्तक वाच. काटा त्यो वाचंल."

मग माझ्याकडून हा कागद मागितला. बराच वेळ पेन धरून बसले. दिसत नाही म्हणून अक्षरं मोठी आली आहेत, ओळ तिरकी गेली आहे. मी सुधारलेलं नाही.

"विश्वजित, काटा पडला तसं तू बंद केलंस. तू खरं बोललास. माझं चुकलं. अंकिताच्या आईवडिलांकडे येऊन हेच बोलतो. इंजिन अजून चालू केलेलं नाही. कृष्णात"

खाली "अण्णा" लिहा म्हटलं, तर म्हणाले, ते त्याला म्हणू दे.

येशील की नाही, ते मी विचारत नाही. तुझा राग खरा आहे, आणि त्यातला अर्धा आता माझ्या वाट्याचा आहे. मी तो घ्यायला बसले आहे. आलास तर अंकिताला आणि प्रांजलला घेऊन ये. पोरीला आवाजाची भीती वाटली तर मी तिला घेऊन रंगूबाईच्या परसात उभी राहीन. तिथूनही इंजिन ऐकू येतं.

ती पट्टी या पाकिटात घातली आहे. तुझ्या बारशाची आहे, तुझ्याकडेच असू दे. पाकीट चिकटवताना तिचं टोक बाहेर राहू देणार आहे. पोस्टातली मुलगी म्हणेल, काकू, हे आत ढकलते. मी ढकलू देणार नाही.

तुझी,
आई